रथ मागे जात नाही

चित्तिरै १२, शनिवार

शांतता समितीची बैठक झाली. दरवर्षी पुढच्या, वैकासि महिन्यातल्या रथोत्सवाआधी प्रांतांच्या कचेरीत ही समिती बसते. टेबलाच्या एका अंगाला देवस्थानचे लोक, दुसऱ्या अंगाला आम्ही मीठ आळीचे. शांतता राखा असं सांगताना प्रांतबाई फक्त आमच्याकडे पाहत होत्या. जणू शांततेला धोका असतो तो मार खाणाऱ्याकडूनच.

मी तेवीस मिनिटं बोलले. मागणी एकच: रथ आमच्या आळीतून जावा. पूर्वी जात होता. दक्षिण रथवीथीतून आलेला रथ कोपऱ्यावर न वळता सरळ पुढे यायचा, पुढच्या तोंडाशी उजवीकडे वळून मीठ आळीत शिरायचा आणि आळी संपली की उत्तर वीथीला लागायचा. त्रेसष्ट वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका म्हाताऱ्याने आरतीचं ताट स्वतःच्या हाताने रथावरच्या पुजाऱ्याच्या हातात दिलं. पुढच्या वर्षी रथाची वाट बदलली. तेव्हापासून तो अलीकडच्या कोपऱ्यावरच पश्चिम वीथीत वळतो. आमची आळी चाळीस फूट रुंद आहे. झोपड्यांसाठी चाळीस फुटांचा रस्ता कोणत्या राजाने आखला होता? हे कळायला शिलालेख लागत नाही, डोळे लागतात.

धर्मकर्ते, म्हणजे देवळाचे मुख्य विश्वस्त, रत्नसभापती हसले. सगळा देवस्थानचा कारभार ते हसत हसत करतात. म्हणाले, "मरगदम टीचर, तुम्ही तर व्यासपीठावर देव नाही म्हणून सांगता. मग त्याचा रथ दारात कशाला हवा?"

मी म्हटलं, "देव तुमच्याकडेच ठेवा. मला रस्ता हवाय."

प्रांतबाईंनी नोंदबुक उघडून दाखवलं. उत्सवाचा रथ कोणत्या वर्षी कुठून गेला ते त्यात लिहिलेलं असतं. त्रेसष्ट वर्षांत मीठ आळीची एक नोंद दाखवा, म्हणाल्या, मी प्रकरण वर पाठवते. त्याआधीची बुकं कुठे आहेत असं मी विचारलं. वाळवीने खाल्ली. वाळवीलाही जात कळते, असं दिसतं.

माझा धाकटा भाऊ कोळंजी माझ्या शेजारी मांडीवर पंचा ठेवून बसला होता. रथाच्या पाचरकऱ्यांचा तो मुकादम. रथाला लगाम नसतो, सुकाणू नसतं. हजार माणसं दोर ओढतात ती त्याला फक्त पुढे नेतात. तो थांबणार कुठे आणि वळणार कुठे, हे चाकाखाली चिंचेच्या लाकडाची पाचर सारणारा ठरवतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या आळीचं. आमच्या हातची पाचर देवाला चालते, आमच्या दारची आरती चालत नाही. हे वाक्य मी बैठकीत दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं उतरलं.

कोळंजी एक अक्षर बोलला नाही. येताना मी त्याला याबद्दल झापलं, तर म्हणतो, "तू बोलत होतीस की, अक्का."

चित्तिरै १५, मंगळवार

मी पुढच्या बैठकीसाठी ताम्रपटांची टिपणं काढत बसले होते, तर कोळंजी येऊन म्हणतो, एक अर्ज लिहून दे. मला वाटलं, उशिरा का होईना, पेटला. कसला अर्ज? तर आळीच्या तोंडाशी गटारावरची फरशी फुटलीय, ती बदलून मिळावी.

एकीकडे त्रेसष्ट वर्षांचा अपमान, आणि याला गटाराची फरशी आठवते. तरी लिहिला. अर्ज लिहायचा तर तो असा लिहावा की वाचणाऱ्याच्या घशाखाली घोट उतरू नये. नगरपालिका, कर, नागरिकाचा पाय आणि त्या पायाची किंमत, सगळं दीड पानात बसवलं. कोळंजीने वाचून घेतलं आणि एकच सुधारणा सांगितली: "भरलेली लॉरी गेली तरी दबणार नाही अशी फरशी, असं घाल."

आमच्या आळीत भरलेली लॉरी येते कधी? पण घातलं.

चित्तिरै २०, रविवार

कोळंजी भर उन्हात गाठी मारलेला दोर घेऊन आळी मोजत होता. एक टोक त्याच्या हातात, दुसरं त्याची बायको सेंबकम हिच्या. काय चाललंय विचारलं तर म्हणाला, गटाराचं. मग आणखी एक अर्ज हवा होता. आळीवरून आडव्या गेलेल्या विजेच्या तारा लोंबतात, त्या काढून एका कडेने घ्याव्यात.

माझा संयम सुटला. म्हटलं, "उद्या सांगशील, डासांवर अर्ज लिही."

"डास चालतील," म्हणाला.

लिहिला. वीज खात्याला लिहिताना माझी लेखणी आपोआप धार धरते. पण झोपताना मनात आलं, चळवळी अशाच मरतात. माणसांना मोठ्या प्रश्नावर उभं करावं, तर ती फरशीवर घसरतात आणि तारेत अडकतात.

चित्तिरै २७, रविवार

शेजारच्या गावी जत्रेतल्या वादसभेत बोलायला गेले होते. विषय: समाज बदलतो तो शब्दाने की कृतीने. मी शब्दाच्या बाजूने. जिंकले. अडीच हजार माणसं उन्हात बसून टाळ्या वाजवत होती. म्हटलं, हात सगळ्यांनाच असतात, त्या हातांनी काय करायचं हे सांगायला आधी कुणीतरी तोंड उघडावं लागतं. या वाक्यावर मागच्या रांगेतले लोक उभे राहिले.

घरी आल्यावर सेंबकमने विचारलं, "जिंकलात का, अक्का? काय दिलं?"

"शाल."

"कितवी?"

"एकेचाळिसावी."

"सगळे उन्हाळ्यातच देतात," म्हणाली आणि पाणी आणायला गेली. तिला चौथी नापास म्हणून मी कधी हिणवलं नाही. कधी कधी वाटतं, हिणवायला हवं होतं.

चित्तिरै ३०, बुधवार

दोन्ही अर्ज फळाला आले. गटारावर नवी जाड फरशी बसली, खाली लोखंडी गज आहेत. तारा पश्चिमेच्या कडेने गेल्या. नगरपालिकेचा माणूस मला म्हणाला, बाई, तुमचा अर्ज साहेबांनी सगळ्यांना वाचून दाखवला. मला बरं वाटलं, ते लपवत नाही.

कोळंजी फरशीवर उभा राहून टाचेने ठोकत होता. लग्नाच्या दिवशीही त्याचा चेहरा इतका खुलला नव्हता. याला एवढंच पुरतं, असं वाटून मला त्याची कीव आली.

संध्याकाळी बातमी आली. पुढच्या वर्षीपासून रथाला तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक बसणार, आणि पाचरकरी लागणार नाहीत. रत्नसभापतींनी हे देवळाच्या दारात सांगितलं, पेढे वाटल्यासारखं. शंभर पिढ्यांचं काम एका नळीत जाणार. मी कोळंजीसमोर संतापाने बोलत होते. तो अंगणात बसून नवी पाचर तासत होता. म्हणाला, "म्हणजे हे वर्ष आहे."

हे वर्ष तर आहेच. ते कुणी काढून घेत नाहीये. हा माणूस कधी काय बोलेल.

वैकासि ४, सोमवार

आज सही केली. लिहिताना बोटं जड झालीत, तरी लिहिते. या वहीत खोटं लिहिलं तर मग खरं बोलायला जागाच उरणार नाही.

दुसरी बैठक. प्रांतबाईंनी हमीपत्र पुढे ठेवलं: यंदा रथ नेहमीच्या वाटेने जाईल, मीठ आळीचे रहिवासी शांततेला बाध आणणार नाहीत. त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षी आमच्या मागणीचा विचार केला जाईल, असं त्या लेखी देणार. सही न केली तर आमच्या पाचरकऱ्यांना यंदाच घरी बसवून बाहेरगावची माणसं आणणार. कोळंजीचं चाळीस वर्षांचं काम, आणि तेही शेवटच्या वर्षी. मी विचार केला, लेखी आश्वासन पहिल्यांदाच मिळतंय. आणि खरं सांगायचं तर मी थकले होते. आळीच्या वतीने मी सही केली. मरगदम, निवृत्त शिक्षिका.

रत्नसभापतींनी स्वतः उठून मला ताक दिलं. प्यायले.

घरी येऊन कोळंजीला सांगितलं. तो रागावेल, निदान एकदा तरी रागावेल, असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "अक्का, तू खरं मानून सही केलीस ना? मनात काही दुसरं नव्हतं?"

मी म्हटलं, मी कधी मनात दुसरं ठेवून सही केलीय?

"मग ठीक," म्हणाला आणि हात धुवायला गेला. काय ठीक, ते मला कळलं नाही. भित्र्या माणसाला तडजोड आवडते, एवढंच कळलं. आणि तडजोड केली होती मी.

वैकासि ७, गुरुवार

ध्वज चढला. आता दहा दिवस गावाबाहेर रात्र काढायची नाही. कोळंजीच्या मनगटावर हळदीचं कंकण बांधलं. रत्नसभापतींच्या डोक्याला मानाचं रेशमी वस्त्र बांधतात, ते गाभाऱ्यापाशी. पाचरकऱ्यांचा मान देवळाबाहेर, रथाच्या सावलीत: प्रत्येकाला एक नारळ. हातात देत नाहीत. टोपलीत ठेवून टोपली पायाने पुढे सरकवतात. चाळीस वर्षं कोळंजी वाकून तो नारळ उचलतो. यंदाही उचलला. मी तोंड फिरवलं.

वैकासि ११, सोमवार

सगळी आळी उत्सवाने वेडी झालीय. जो तो भिंतींना चुना देतोय. दारापुढचे ताडपत्रीचे मांडव काढले, रस्त्यात आलेल्या पायऱ्या फोडल्या. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने स्वतःची टपरी दोन हात मागे घेतली. नगरपालिकेने दहा वर्षं नोटिसा दिल्या तेव्हा हलली नव्हती ती. विचारलं तर म्हणतो, वारा येत नव्हता, टीचर.

देव आपल्या दारात येणार नाही, येणारच नाही असं हमीपत्र मी दिलंय, आणि ही माणसं त्याच्यासाठी घरं रंगवतात. गुलामी काय असते हे मी तीस वर्षं मुलांना पुस्तकातून शिकवलं. ती दारापुढे अशी चुन्याने रंगवलेली असते, हे शिकवायचं राहून गेलं.

आणखी एक. आमच्या दारासमोर एक मोठा चौकोनी दगड आहे, मधोमध भोक असलेला. पूर्वी रथ आळीत आला की त्याचा दोर याला बांधून विसावा घ्यायचे. आता सेंबकम त्यावर कपडे धुते. गेले चार दिवस ती त्यावर धूत नाही. घासून, हळद लावून ठेवलाय. कपडे मागच्या अंगणात धुते आणि चिखल करते. मी बोलले तर म्हणाली, कंबर दुखते, तिथे सावली आहे.

रात्री जेवताना कोळंजीशी भांडले. म्हटलं, तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून रत्नसभापतींसारखी आहेत. तोंडात जीभ दिलीय ती भात ढकलायला नव्हे. आपला बाप निदान एकदा तरी त्यांच्या अंगावर ओरडला होता. तू पाचर सारतोस आणि स्वतःही तिच्यासारखाच पडून राहतोस, जो येईल तो वरून जातो.

सेंबकमने पानात भात वाढता वाढता हात थांबवला. कोळंजीने तिच्याकडे पाहिलं आणि ती परत वाढू लागली. तो म्हणाला, "रसम घे, अक्का. थंड होतंय."

मी फार बोलले. पण बोलले ते खोटं नव्हतं.

वैकासि १५, शुक्रवार

क्रमाने लिहिते, नाहीतर भाषण होईल.

सकाळी सहाला वीज बंद केली, दरवर्षी करतात. साडेसातला रथ हलला. मी बघायला गेले नाही. त्रेसष्ट वर्षं जो आमच्याकडे बघत नाही त्याच्याकडे मी का बघू? ओट्यावर पुस्तक घेऊन बसले. आळीत प्रत्येक दारापुढे मोठाल्या रांगोळ्या होत्या, बायका नव्या लुगड्यांत होत्या, आणि कुणीही रथ बघायला गेलं नव्हतं. याचं मला नवल वाटायला हवं होतं. मी पान उलटलं.

दक्षिण वीथीतून तविल, रथापुढचा ढोल, वाजत येत होता. हा आवाज मला पाठ आहे. तो मोठा मोठा होत जातो, अगदी जवळ येतो, आता येईलच असं वाटतं, आणि मग रथ कोपऱ्यावर वळतो आणि आवाज लहान होत जातो. लहानपणी आई त्या क्षणी आम्हाला आत बोलवायची. आज तो क्षण आला. आवाज लहान झाला नाही.

मी उठून आळीच्या तोंडाशी गेले. सेंबकम आधीच तिथे होती.

कोपऱ्यावर असं असतं: दोर ओढणारे कोपरा ओलांडून सरळ पुढे येतात, रथ कोपऱ्याच्या मध्यावर आला की पाचरकरी त्याला रोखतात आणि मग दोर फिरवून रथ वळवतात. आज दोर ओढणारे पुढे आले, आणि त्यांच्यामागे रथही आला. मध्यावर थांबला नाही. पंचेचाळीस फुटांचा तो डोंगर कोपरा सोडून पुढे सरकला आणि त्याचं मागचं चाकही पश्चिम वीथीच्या तोंडापलीकडे गेलं. तेव्हा कोळंजी वाकला. पुढच्या दोन्ही चाकांखाली पाचरी गेल्या आणि रथ जागच्या जागी उभा राहिला.

रथावर पुढे उभे असलेले रत्नसभापती पंचा हलवून ओरडत होते. मागे घ्या, मागे घ्या. हजार माणसं हातात दोर धरून त्यांच्याकडे बघत होती. कुणी हललं नाही. रथ मागे घेत नाहीत. मागे गेलेला रथ गावाला भोवतो, हे इथे पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. पोलीस निरीक्षक परगावचा, त्याने विचारलं, मागच्या बाजूने ओढता येणार नाही का? दोर ओढणाऱ्यांतला एक म्हातारा म्हणाला, "साहेब, रथाला मागे दोरच नसतो."

तासभर रथ उन्हात उभा. प्रांतबाई आल्या. खाली वाकून कोळंजीशी काही बोलल्या. तो घाम पुसत मान हलवत होता. शेवटी त्यांनी पुजाऱ्यांना विचारलं. मुख्य पुजारी वरून म्हणाले, देव मध्येच उभा ठेवता येत नाही, मागे नेता येत नाही, मग राहिलं काय? पुढे चला.

पुढे म्हणजे आमच्या आळीचं तोंड.

माझा भाऊ छप्पन्न वर्षांचा आहे. गुडघे दुखतात म्हणून जमिनीवरून उठताना भिंत धरतो. तो चालत्या चाकापासून वीतभर अंतरावर वाकला, पाचरीला एरंडेल फासलं आणि ती उजव्या चाकाखाली तिरकी सारली. उजवं चाक अडलं, डावं चालत राहिलं, आणि रथ वळला. ओढून नेलेला वाटला नाही. म्हैस संध्याकाळी आपल्या गोठ्याकडे वळते तसा वळला.

चाक गटाराच्या फरशीवर आलं. फरशी कण्हली. दबली नाही. भरलेली लॉरी.

कळस तारांच्या कडेने निघून गेला. सगळ्या तारा पश्चिमेच्या बाजूला होत्या. मी माझ्याच सुंदर वाक्यांनी त्या तिकडे नेल्या होत्या.

मांडव काढले होते, पायऱ्या फोडल्या होत्या, टपरी मागे होती. प्रत्येक दारात ताट तयार होतं. लहान मुलांपासून चहावाल्यापर्यंत अख्ख्या आळीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकटीला, जी आळीच्या वतीने बोलते तिला.

रथ आमच्या दारासमोर थांबला आणि दोर त्या दगडाला बांधला गेला. सेंबकमने आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, मी देव मानत नाही. ती म्हणाली, "ताट तर धरा."

धरलं. वर केलं. रथावरचा तरुण पुजारी वाकला आणि मध्येच थांबला. त्याची नजर रत्नसभापतींकडे गेली. तविल बंद झाला. त्रेसष्ट वर्षांपूर्वी इथेच एका म्हाताऱ्याचं ताट वर गेलं होतं. माझा हात दुखू लागला. मी खाली घेतला नाही. जन्मभर व्यासपीठांवर उभी राहिले, पण इतका वेळ गप्प उभी कधी राहिले नव्हते.

मग मुख्य पुजाऱ्यांनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याने ताट घेतलं. माझ्या हातातून त्याच्या हातात.

मी नमस्कार केला नाही. हे नोंदवून ठेवते. डोळ्यांत पाणी आलं, ते कापराने.

घरी कोळंजी पाय गरम पाण्यात सोडून बसला होता. मी म्हटलं, मला का सांगितलं नाही? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू त्यावर भाषण केलं असतंस."

सेंबकम हसून हसून भिंतीला टेकली. मला हसू आलं नाही. स्वतःच्या भावाने मला भरवशाची मानलं नाही. चार तारखेला माझ्याकडून सही घडते, तेव्हाही याच्या मनात हे असणार, आणि हा मला विचारतो की तू खरं मानून सही केलीस ना. एवढा संशय.

वैकासि १७, रविवार

पोलीस येऊन गेले. उद्या प्रांतांपुढे जबाब.

प्रांतबाईंनी संध्याकाळी मला बोलावून घेतलं. दार लावून बोलल्या. बाई वाईट नाही, खुर्ची वाईट आहे. म्हणाल्या, कोपऱ्यावर पाचर निसटली, रथ पुढे गेला, असा जबाब दिला तर अपघात म्हणून कागद बंद करते. कुणावर काही नाही. देवस्थानही तयार आहे. पण मुद्दाम केलं असं निघालं तर हमीपत्राचा भंग. कोळंजीवर गुन्हा, आणि सही करणारी म्हणून मी.

"तुम्हाला सही करताना माहीत होतं का?" त्यांनी विचारलं.

नाही, म्हटलं. आणि ते सत्य असल्यामुळे माझा आवाज मुळीच हलला नाही. त्यांनी लगेच मानलं.

परत येताना मला रत्नसभापतींच्या तयारीचं कारण कळलं. अपघात ही वाट नसते. अपघाताची नोंद नोंदबुकात होत नाही, ती शेऱ्यात जाते. पुढच्या वर्षी यंत्राचा ब्रेक असेल, आणि मीठ आळीतून रथ कधी गेला नव्हता असंच होईल.

तरीही मी जबाब लिहिला. लिहिते आहे तसंच लिहिते: मला भीती वाटली. स्वतःसाठी नाही. छप्पन्न वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस कोठडीच्या फरशीवर कसा बसणार, याची. पाचर घामाने निसटली, एरंडेल जास्त झालं, उतार होता. दीड पान. असं सुरेख खोटं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. कोळंजीला वाचून दाखवलं. म्हणाला, अक्षर छान आहे.

वैकासि १८, सोमवार

कचेरीत तेच टेबल. रत्नसभापती आज हसत नव्हते. मी माझा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, हा माझ्या भावाचा जबाब. प्रांतबाईंनी वाचला, समाधानाने मान हलवली आणि सहीसाठी त्याच्याकडे सरकवला.

कोळंजी उभा राहिला. मांडीवरचा पंचा खांद्यावर टाकला. या टेबलापाशी तो इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलला.

"मॅडम, चाळीस वर्षं पाचर सारतोय. आजवर एकदाही निसटली नाही. परवाही निसटलेली नाही."

मग रत्नसभापती हळूच म्हणाले, "कोळंजी, विचार करून बोल. टीचरनी नीट लिहिलंय सगळं."

"अक्काचं अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला. "मजकूर माझा नाही."

मी त्याच्या बाहीला धरून खाली ओढलं. तो बसला नाही.

प्रांतबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, याचा अर्थ कळतो ना? मला मग जे झालं तेच लिहावं लागेल. रथ कुठून गेला, कुणी नेला.

"तेच लिहा," कोळंजी म्हणाला. "अक्काला काही माहीत नव्हतं. तेही लिहा."

तेव्हा कुठे मला त्या सहीच्या दिवशीचा प्रश्न आठवला. तो संशय नव्हता, मला यातून बाहेर ठेवणं होतं.

जबाब नव्याने लिहायचा होता. त्याचं लिहिणं सावकाश, म्हणून प्रांतबाई म्हणाल्या, टीचर, तो सांगेल तसं तुम्ही उतरवून घ्या. मी त्याची वाक्यं लिहिली. चाळीस वर्षं. एकदाही नाही. परवाही नाही. मग माझी लेखणी आपसूक पुढे धावली: त्रेसष्ट वर्षांच्या अन्यायाच्या इतिहासाकडे पाहता... कोळंजीने कागदावर हात ठेवला. राठ, एरंडेलाचा वास येणारा.

"अक्का, तेवढंच."

मी ती ओळ खोडली. त्याने सही केली.

नंतर आमच्या डोळ्यांदेखत प्रांतबाईंनी नोंदबुकात लिहिलं. तारीख. पूर्व वीथी, दक्षिण वीथी, मीठ आळी, उत्तर वीथी. मी उलट्या बाजूनेही ते वाचू शकले. एक नोंद दाखवा म्हणाल्या होत्या.

गुन्हा दाखल झाला. दोघांवरही. प्रांतबाई म्हणाल्या, तुमचं नाव कदाचित वगळता येईल. मी म्हटलं, वगळू नका.

वैकासि १९, मंगळवार

अकराला ठाण्यात हजर व्हायचंय. वादसभेच्या गावाहून निरोप आला, पुढच्या महिन्यात बोलायला याल का. कळवलं, विषय बदला, त्या विषयावर मी गेल्या खेपेला चुकीच्या बाजूने जिंकले.

सकाळी बाहेर आले तर सेंबकम पुन्हा त्या दगडावर कपडे आपटत होती. हळद अजून पुरती गेली नव्हती. मी म्हटलं, अगं, परवा देव थांबला ना यावर?

तिने कोळंजीची वेष्टी पिळली, झटकली आणि म्हणाली, "देव वर्षातून एकदा येणार, अक्का. कपडे रोजचे आहेत."